कन्ना चौक ते कुंभारी: अक्कलकोट रोडच्या बससेवेचं परीक्षण

सोलापूरच्या कन्ना चौकातून अशोक चौक, शांती चौक, अक्कलकोट नाका, एमआयडीसी आणि पुढं कुंभारीचं घरकुल, एवढ्या पट्ट्यात रोज ये-जा करणाऱ्या माणसापुढं तीन पर्याय असतात: सिटी बस, एसटी आणि शेअर रिक्षा. या तिघांतून मिळून जी काही सेवा उभी राहते, तिचं हे परीक्षण. गुण द्यायचे तर दहापैकी चार. त्यातले बहुतेक गुण गर्दीतून गाडी काढणाऱ्या चालकांचे आणि माणूस ओळखून दोन पावलं थांबणाऱ्या रिक्षावाल्यांचे. उरलेले सहा कुठं गेले आणि ते परत कसे मिळतील, हा खरा विषय आहे. आमचं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो: या रस्त्याला आधी नव्या बस लागत नाहीत, आधी फेरीचा वेळ कमी व्हायला लागतो आणि बस ठरल्या अंतरानं यायला लागते. हे दोन जमलं तर आहे त्या गाड्यांत सेवा बरीच सुधारते. हे न जमता शंभर बस आल्या, तरी त्या एकामागोमाग एक चौकात उभ्या राहतील.

हाच रस्ता का

सोलापूरच्या कुठल्याही रस्त्याला बस हवीच आहे. होटगी रोडला विमानतळ आहे, विजापूर रोडला सैफुलपर्यंत वस्ती पसरली आहे, पुणे रोडला केगावचं विद्यापीठ आहे. पण अक्कलकोट रोडची गोष्ट वेगळी आहे, कारण इथं घरं शहराबाहेर गेली आणि काम मात्र शहराच्या पूर्व भागातच राहिलं. कुंभारीला गोदूताई परुळेकर विडी घरकुलात १० हजार घरं आहेत. त्याच कुंभारीत रे नगरची ३० हजार घरांची योजना आहे आणि त्यातल्या पहिल्या १५ हजार घरांच्या किल्ल्या १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते दिल्या गेल्या. घरटी चार माणसं धरली, तर एवढ्या २५ हजार घरांत भरल्यावर लाखभर माणूस होतो. तो राहतो शहराच्या मध्यापासून दहा-बारा किलोमीटरवर, महापालिकेच्या हद्दीबाहेर, आणि त्यातल्या बहुतेकांकडं स्वतःची गाडी नाही.

हे प्रवासी कोण आहेत हे कळल्याशिवाय वेळापत्रक बनत नाही. विडी कामगार बाई विड्या घरी वळते, पण तयार माल द्यायला आणि पानं-तंबाखू घ्यायला तिला विडी कारखान्याच्या शाखेत जावंच लागतं. यंत्रमागावरचा कामगार जिथं बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या चालतात तिथं सकाळी जातो, रात्री येतो, किंवा त्याच्या उलट. टॉवेल-चादरीच्या कारखान्यात शिलाई आणि पॅकिंगला जाणाऱ्या बायका वेगळ्या वेळेला निघतात. धुणीभांडी करणाऱ्या, बांधकामावर जाणारे, सिव्हिलला औषधासाठी जाणारे म्हातारे, कॉलेजची पोरं. म्हणजे ऑफिसच्या वेळेसारखी एकच सकाळची आणि एकच संध्याकाळची गर्दी इथं नाही. पहाटे साडेपाच-सहापासून गर्दी सुरू होते, दुपारी माल पोचवणाऱ्या बायकांची एक लाट येते आणि रात्री पाळी सुटल्यावर आणखी एक. दिवसभराची सेवा दहा ते सहाच्या हिशोबानं आखली, की या रस्त्याचे खरे गिऱ्हाईक सुटतात. ते मग रिक्षात सापडतात.

फेरीचा हिशोब

किती बस लागतील हा प्रश्न चहाच्या टपरीवरही विचारला जातो आणि उत्तर बहुधा अंदाजानं दिलं जातं. हिशोब मात्र सरळ आहे. एका बसला जाऊन-येऊन, दोन्ही टोकांना थोडं थांबून, किती मिनिटं लागतात ते काढायचं आणि दोन बसमध्ये किती मिनिटांचं अंतर हवं त्यानं भागायचं.

मार्ग ११ किलोमीटरचा धरू. गर्दीच्या वेळी थांबे धरून सरासरी वेग ताशी १५ किलोमीटर. एका बाजूला ४४ मिनिटं. दोन्ही टोकांना प्रत्येकी ६ मिनिटं विसावा. पूर्ण फेरी १०० मिनिटांची झाली. दर १० मिनिटांनी बस हवी असेल तर रस्त्यावर १० बस लागतात, दर २० मिनिटांनी चालत असेल तर ५. त्यावर दुरुस्तीसाठी राखीव एक-दोन. एवढंच.

आता याच हिशोबात शांती चौकातली कोंडी घाला. तिथं आणि नाक्याच्या अलीकडं मिळून एका बाजूला ५ मिनिटं जास्त गेली, तर फेरी ११० मिनिटांची होते आणि त्याच दहा मिनिटांच्या सेवेला ११ बस लागतात. अकराव्या बसनं एकही नवा प्रवासी नेलेला नसतो. ती बस, तिचे दोन पाळ्यांचे चालक-वाहक, तिची वीज किंवा डिझेल, सगळं केवळ चौकात उभं राहण्यासाठी खर्च होतं. एका बसला सुट्ट्या आणि रजा धरून साधारण अडीच चालक लागतात, हे ध्यानात घेतलं की चौकातली पाच मिनिटं किती महाग पडतात ते दिसतं. म्हणून चौकात वाचवलेला वेळ हीच या रस्त्यावरची सर्वांत स्वस्त बसखरेदी आहे.

विसाव्याची ६ मिनिटं कापून फेरी घट्ट करायचा मोह होतो. तो टाळावा. विसावा म्हणजे चालकाचा चहा एवढंच नसतं. मागच्या फेरीचा उशीर तिथं भरून निघतो. तो काढला की एका फेरीचा उशीर पुढच्या फेरीत जातो, दुपारपर्यंत सगळं वेळापत्रक कोलमडतं आणि संध्याकाळी दोन बस जोडीनं येतात.

जोडीनं येणाऱ्या बस

याचं कारण बहुतेकांना चालकांचा आळस वाटतो. तसं नाही. पुढची बस दोन मिनिटं मागं पडली की तिच्यासाठी थांब्यावर जास्त माणसं जमतात. जास्त माणसं चढायला जास्त वेळ, म्हणून ती आणखी मागं पडते. तिच्यामागच्या बसला थांब्यावर माणसंच उरत नाहीत, ती भराभर पुढं येते आणि शेवटी पुढचीला गाठते. दर २० मिनिटांनी बस नीट अंतरानं आली तर सरासरी १० मिनिटं थांबावं लागतं. त्याच बस जोडीनं दर ४० मिनिटांनी आल्या, तर सरासरी थांबणं २० मिनिटांवर जातं. गाड्या तेवढ्याच, डिझेल तेवढंच, आणि प्रवाशाला मात्र सेवा निम्मी झाल्यासारखी वाटते.

उपाय महागडा नाही. मार्गाच्या मधे एक वेळ-थांबा ठरवायचा, अक्कलकोट नाका त्यासाठी योग्य आहे. तिथं वेळेआधी आलेली बस जास्तीत जास्त दोन मिनिटं धरायची. उशिरा आलेली कधीच धरायची नाही. दोन्ही टोकांना एकेक नियंत्रक, हातात फोन, आणि सूचना एकच: घड्याळापेक्षा पुढच्या बसशी अंतर बघा. जीपीएस आहे म्हणून हे आपोआप होत नाही. पडद्यावर दोन ठिपके चिकटलेले दिसतात, पण फोन उचलून ‘मागच्यानं नाक्यावर थांबा’ असं सांगणारा माणूस लागतो.

वेळेआधी निघून जाणारी बस ही उशिरा येणाऱ्या बसपेक्षा वाईट. ज्या बाईनं सहा दहाच्या बसच्या हिशोबानं घर आवरलं, तिची बस सहा पाचला गेली, तर तिला पुढची बस येईपर्यंत थांबावं लागतं. असं दोनदा झालं की ती रिक्षाचीच होते.

शांती चौक

इथं जुन्या बोरामणी नाक्याकडून अशोक चौकाकडं जाणारी आडवी वाहतूक आणि अक्कलकोट रोडची वाहतूक एकत्र येते. ट्रक, ट्रॅक्टर, एसटी, टेम्पो, दुचाकी, सगळं. चौकाच्या तोंडाशीच रिक्षा प्रवासी भरतात, कारण प्रवासी तिथंच उतरतो. बस त्यांच्या मागं अडकते, मग दुसऱ्या रांगेत उभी राहून माणसं उतरवते. उतरणारा माणूस बस आणि रिक्षांच्या फटीतून बाहेर येतो, मागून येणाऱ्या दुचाकीला तो शेवटच्या क्षणी दिसतो.

इथं तीन गोष्टी कराव्या लागतील आणि त्या एकत्रच कराव्या लागतील. पहिली, बसथांबा चौकाच्या पलीकडं न्यायचा, चौक ओलांडून तीस ते पन्नास मीटरवर. चौकाआधी थांबा असला की बस प्रवासी घेते आणि नेमकी तेव्हाच तिची चौक ओलांडायची पाळी जाते. म्हणजे ती दोनदा थांबते. पलीकडं असला की एकदाच. दुसरी, रिक्षांना हाकलायचं नाही, त्यांना त्याच थांब्याच्या पुढं वीस-पंचवीस मीटरवर आपली आखलेली जागा द्यायची. रिक्षांना जागा न देता नुसती कारवाई केली, तर आठवडाभरात त्या परत थांब्यावर येतात, कारण प्रवासी तिथंच असतो. रिक्षा बसच्या मागं ठेवली तर ती बसला पुढून वळसा घालते, म्हणून जागा पुढंच हवी. तिसरी, डावीकडं वळणाऱ्या वाहनांसाठी मोकळा सोडलेला कोपरा विक्रेत्यांनी आणि उभ्या वाहनांनी भरू द्यायचा नाही. तेवढी साठ-सत्तर मीटरची पट्टी मोकळी राहिली की बस रांगेच्या बाजूनं चौकाच्या तोंडापर्यंत येऊ शकते.

जुना बोरामणी नाका ते मोरारका बंगला या उड्डाणपुलाची चर्चा शहरात बरीच वर्षं चालू आहे. तो आडव्या वाहतुकीचा पूल आहे. वरून ट्रक जातील, पण बसचा प्रवासी चढतो-उतरतो खालीच. पुलाचे खांब उभे राहताना खालचा रस्ता अरुंद होईल, तेव्हा बस कुठून जाणार आणि थांबा कुठं सरकणार हे काम सुरू व्हायच्या आधी ठरलं पाहिजे. नाहीतर बांधकामाच्या वर्षांत जे प्रवासी रिक्षाकडं जातील ते परत यायचे नाहीत.

हुबळी-धारवाडसारखी रस्त्याच्या मधोमध बसची वेगळी मार्गिका इथं करावी का, हा प्रश्न निघतोच. तिथं २२ किलोमीटरच्या पट्ट्यात दोन शहरं जोडायची होती आणि बसची संख्या मोठी होती. अक्कलकोट रोडला तासाला सहा बस धावणार असतील तर मधली मार्गिका बहुतेक वेळ रिकामी दिसेल आणि दुचाकीवाले पहिल्याच महिन्यात तिच्यात घुसतील. आमचं स्पष्ट मत: इथं मार्गिका नको. चौकाच्या तोंडाशी पट्टी हवी आणि थांबे मोकळे हवेत. तासाला तीस-चाळीस बस होतील तेव्हा मार्गिकेचा विचार करावा.

थांबा कसा असावा

सध्या थांबा म्हणजे कुठं शेड, कुठं नुसता खांब आणि बऱ्याच ठिकाणी फक्त लोकांच्या सवयीनं ठरलेली जागा. एक थांबा जवळून पाहू. बस आली. कडेला दोन रिक्षा आहेत म्हणून ती रस्त्यातच थांबली. एका हातात विड्यांची टोपली, दुसऱ्या हातात नातू, अशी बाई रस्त्यावरून चढते. उंच फरशीच्या बसची पहिली पायरी रस्त्यापासून ३५ ते ४० सेंटीमीटर उंच असते. ती आधी टोपली वर ठेवते, मग नातू चढवते, मग दांडा धरून स्वतः. बारा-पंधरा सेकंद जातात. तिच्यामागं अशा आणखी पाच जणी असतील तर एका थांब्यावरच मिनिट-दीड मिनिट. हीच बस कडेला, १५ सेंटीमीटर उंच फूटपाथला लागून उभी राहिली तर पायरी वीस-पंचवीस सेंटीमीटरवर येते आणि प्रत्येकीमागं निम्मा वेळ वाचतो. असे सात थांबे धरले तर हे चार-पाच मिनिटांचं काम आहे, म्हणजे पुन्हा अर्धी बस.

शहरातल्या भागात, अशोक चौक ते नाका, बससाठी रस्त्याच्या कडेला खोबण करू नये. नकाशावर ती छान दिसते, पण प्रत्यक्षात तिच्यात रिक्षा आणि हातगाडी उभी राहते आणि बस आत गेलीच तर बाहेर यायला तिला कुणी जागा देत नाही. इथं उलट करावं: फूटपाथच बसच्या दिशेनं थोडा पुढं घ्यावा, म्हणजे बस आपल्या रांगेतच थांबते आणि रांगेतूनच निघते. नाक्यापलीकडं मात्र हा राष्ट्रीय महामार्ग १५०ई आहे, वाहनं वेगात असतात. तिथं खोबण हवीच, लांब आणि सावकाश वळणाची, आत-बाहेर जायला पुरेशी पट्टी असलेली. एकच नमुना दोन्हीकडं लावला की एकीकडं वेळ जातो आणि दुसरीकडं जीव.

महामार्गावर ओलांडणं हा सर्वांत धोक्याचा भाग आहे. जाताना थांबा एका बाजूला, येताना दुसऱ्या बाजूला, म्हणजे प्रत्येक प्रवाशाला दिवसातून एकदा चौपदरी रस्ता ओलांडावाच लागतो. दोन्ही थांबे समोरासमोर न ठेवता ओलांडायच्या जागेच्या पुढं ठेवावेत, म्हणजे माणूस थांबलेल्या बसच्या मागून जातो, पुढून नाही. दुभाजकात उभं राहायला किमान दीड-दोन मीटर रुंद जागा हवी. टोपली घेऊन दोघी उभ्या राहतील एवढी. फूटपाथची चालायची मोकळी रुंदी १.८ मीटरपेक्षा कमी नको, हे रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूत्रांतही आहे. एमआयडीसीच्या पट्ट्यात कडेला उभे राहणारे ट्रक ही जागा खातात. थांब्याच्या आधीचे तीस मीटर आणि पुढचे पंधरा मीटर ट्रक उभा राहणार नाही, एवढं झालं तरी पुष्कळ.

सावलीबद्दल थोडं सविस्तर, कारण एप्रिल-मे महिन्यात इथं पारा ४२ च्या वर जातो आणि शेडचं टेंडर काढणारा उन्हाची दिशा क्वचितच बघतो. अक्कलकोट सोलापूरच्या आग्नेयेला आहे. सकाळी शहराकडं येणारा प्रवासी रस्त्याच्या ज्या बाजूला उभा राहतो, तिथं उगवतीचं ऊन त्याच्या तोंडावर येतं. संध्याकाळी परत जाणारा समोरच्या बाजूला असतो, तिथं मावळतीचं ऊन तोंडावर. म्हणजे वरचं छप्पर ऐन गर्दीच्या वेळी उपयोगाचंच नाही. छपराची पुढची कड खाली हवी, सात फुटांवर, बाजूला जाळीचा पडदा हवा आणि शेजारी कडुलिंब. स्टीलचा बाक मे महिन्यात बसण्याजोगा राहत नाही. सावलीतली शहाबादी फरशी बरी. दिवा बसच्या दाराच्या जागेवर पडेल असा लावावा, जाहिरातीवर नको.

फलकावर दर दहा मिनिटांनी येणाऱ्या सेवेसाठी वेळा लिहायची गरज नाही, ‘दर १० मिनिटांनी, पहाटे ५.३० पासून’ एवढं पुरे. अंतर पंधरा मिनिटांच्या वर गेलं की नेमक्या वेळा लिहाव्याच. पूर्व भागात तेलुगू घरं खूप आहेत, कन्नड बोलणारेही; आकडा मोठा आणि रंग ठरलेला असला की भाषेची अडचण कमी होते.

कुंभारीत गेल्यावर

इथं आखणीतली सर्वांत सोपी चूक होते. गोदूताई घरकुल आणि रे नगर, दोन्हीकडं जायचं म्हणून एकच बस दोन्ही वसाहतींतून लांब फेरा घालते. पहिल्या वसाहतीत बसलेला माणूस दुसरी वसाहत बघून मग शहराकडं निघतो. वीस मिनिटं फुकट जातात आणि तो दुसऱ्या दिवशी मुख्य रस्त्यापर्यंत चालत येऊन रिक्षा धरतो.

त्याऐवजी दोन फाटे करावेत. नाक्यापर्यंत एकच मार्ग, दर दहा मिनिटांनी. पुढं एक बस गोदूताईला, पुढची रे नगरला. म्हणजे प्रत्येक वसाहतीला दर वीस मिनिटांनी. दोघांना वेगळे क्रमांक द्यावेत, ‘मार्गे’ असं बारीक अक्षरात लिहून भागत नाही. एक काळजी घ्यावी लागते: दोन फाट्यांच्या लांबीत फरक असला तर परतताना बस नाक्यावर एकत्र येतात आणि शहराकडं पुन्हा जोडी निघते. म्हणून लहान फाट्याच्या बसला टोकाला जास्त विसावा द्यायचा. मिनिटांचा मेळ नाक्यावर बसवायचा, टोकाला नाही.

वसाहतीच्या आत थांबा कुठल्याही घरापासून चारशे-पाचशे मीटरच्या आत असावा. त्याहून जवळजवळ थांबे दिले की बस रांगते, त्याहून लांब ठेवले की पहाटे अंधारात बायका चालत येत नाहीत. हद्दीबाहेर शहर बस चालवायला प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाकडून परवान्याची व्यवस्था लागते आणि तोट्याचा वाटा कोण उचलणार हा प्रश्न येतो. तो लेखी ठरल्याशिवाय गाडी सुरू केली, की पहिल्या आर्थिक अडचणीत पहिली बंद होते ती हीच फेरी.

एसटी आणि तिकीट

१७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे. ही सवलत शहर बसला लागू नाही. म्हणून कुंभारीची बाई अक्कलकोटच्या साध्या एसटीकडं बघते, आणि ते बरोबरच आहे. पण ही एसटी अक्कलकोटच्या प्रवाशांसाठी आहे. गुरुवारी, पौर्णिमेला, गुरुपौर्णिमेला आणि दत्तजयंतीला स्वामी समर्थांच्या दर्शनाची गर्दी असते. गाडी सोलापुरातच भरते आणि कुंभारीला थांबली तरी चढता येत नाही. ज्या दिवशी एसटी भरते त्याच दिवशी सिटी बसच्या फेऱ्या वाढल्या पाहिजेत. दोघांचं वेळापत्रक एका कागदावर आणलं तर एसटी गेल्यावर पाच मिनिटांनी सिटी बस, असं बसवता येतं. आज दोन्ही वेगवेगळ्या कागदांवर आहेत.

पासबद्दल एकच सांगणं: आठवड्याला हातात येणाऱ्या पैशावर चालणाऱ्या घराला महिन्याचा पास परवडत नाही, जरी तो स्वस्त असला तरी. आठवड्याचा पास काढा, सोमवार ते रविवार, वाहकाकडंच मिळेल असा. रिक्षाचं मोठं बळ हेच आहे की तिथं आजचे पैसे आज द्यायचे असतात.

ई-बस आल्यावर

केंद्राच्या पीएम ई-बस सेवा योजनेत, जी ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाली, सोलापूरचा समावेश आहे. जेएनएनयूआरएम या केंद्राच्या आधीच्या शहर योजनेच्या काळात आलेल्या बसपैकी अनेक चेसीला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, तडे गेल्यानं उभ्या राहिल्या आणि ताफा रोडावला, हे शहरानं पाहिलं आहे. त्यामुळं नव्या बसची उत्सुकता रास्त आहे. पण ई-बसला आपला हिशोब आहे.

पहाटे साडेपाच ते रात्री दहा, १०० मिनिटांची फेरी, म्हणजे दिवसाला नऊ पूर्ण फेऱ्या, १९८ किलोमीटर. डेपोतून येणं-जाणं धरून २०० च्या वर. मोठी बस किलोमीटरला साधारण एक युनिट वीज खाते, मे महिन्यात एसी चालू असला की जास्त. बॅटरी शेवटच्या टक्क्यापर्यंत वापरायची नसते, पाचवा हिस्सा राखून ठेवतात. म्हणजे एका रात्रीच्या चार्जिंगवर उन्हाळ्यात पूर्ण दिवस निघेलच असं नाही. दुपारी बारा ते तीन, सकाळ-रात्रीपेक्षा गर्दी कमी असताना, अर्ध्या बस आळीपाळीनं चार्जिंगला लावाव्या लागतील. चार्जर सात रस्त्याच्या डेपोतच असेल तर दुपारची ही ये-जा रिकाम्या किलोमीटरची होते. कुंभारीच्या टोकाला एक-दोन चार्जरची जागा आत्ताच राखली तर हा खर्च वाचतो. दुपारच्या बायकांची लाट याच वेळेला येते, हेही विसरू नये.

या बस चालवणाऱ्या ठेकेदाराला पैसे किलोमीटरवर मिळतात. मग त्याचं हित किलोमीटर भरण्यात, प्रवासी नेण्यात नाही. म्हणून करारात वेळेआधी निघालेल्या फेरीला, थांबा चुकवल्याला आणि जोडीनं आलेल्या बसला कपात असली पाहिजे, आणि ती मोजायला कुणीतरी बसलेलं असलं पाहिजे. बसचा आकार निवडताना या मार्गावर १२ मीटरचा हट्ट नको. घरकुलाच्या आतली वळणं आणि शांती चौक बघता ९ मीटरची बस दर दहा मिनिटांनी ही १२ मीटरच्या बस दर वीस मिनिटांनी यापेक्षा चांगली. मात्र दाराजवळच्या दोन सीट काढून टोपल्या, गठ्ठे आणि व्हीलचेअरसाठी मोकळी जागा ठेवावी. कमी उंचीच्या फरशीचा आग्रह धरावा: ४० सेंटीमीटरची फरशी आणि ९० सेंटीमीटरची फरशी यांत चढण्या-उतरण्याचा जो फरक पडतो, तो आधीच्या हिशोबातल्या मिनिटांत दिसतो.

मोजणी

हे सगळं ठरवायला मोठा सल्लागार लागत नाही. वाहकाच्या तिकीट मशीनमध्ये कुठल्या स्टेजवरून (भाड्याच्या टप्प्यावरून) कुठल्या स्टेजला तिकीट गेलं याची नोंद असते. पासधारक त्यात दिसत नाहीत, म्हणून मशीनच्या आकड्यावर विसंबून ‘या फेरीला प्रवासी नाहीत’ असं ठरवणं चुकीचं. दुसरी मोजणी रस्त्यावर करायची: अक्कलकोट नाक्यावर, शहराकडं येणाऱ्या बाजूला, पहाटे साडेपाच ते रात्री दहा, पंधरा-पंधरा मिनिटांचे गट. प्रत्येक बस, एसटी आणि शेअर रिक्षेसमोर एक खूण: जागा रिकाम्या, जागा भरलेल्या, उभे आहेत, दार लागत नाही. एक मंगळवार, एक गुरुवार, एक रविवार. रिक्षेतले प्रवासी मोजले नाहीत तर मोजणीला अर्थ नाही, कारण बसचा उद्याचा प्रवासी तोच आहे.

समजा गर्दीच्या तासाला बस आणि रिक्षा मिळून ४८० माणसं नाका ओलांडून शहराकडं येतात आणि त्यातली निम्मी बसकडं यावीत असं ठरवलं. २४० माणसं, ९ मीटरच्या बसमध्ये उभे धरून ४० जण. तासाला ६ बस. म्हणजे दर दहा मिनिटांनी, म्हणजे सुरुवातीच्या हिशोबानं रस्त्यावर दहा बस. आकडा मोजणीतून दुसरा निघाला तर बसची संख्याही दुसरी निघेल, पद्धत हीच.

सणांच्या दिवसांचा वेगळा कागद आधीच तयार असावा. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला नंदीध्वजांच्या मिरवणुकीनं शहराच्या मध्यातले रस्ते बंद होतात, नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सवानं पूर्व भागातले. त्या दिवशी बस कन्ना चौकापर्यंत नेण्याचा प्रयत्न करून ती गर्दीत अडकवण्यापेक्षा अशोक चौकातच वळवावी, आणि तसं आदल्या दिवशी प्रत्येक बसमध्ये वाहकानं तोंडी सांगावं.

तोवर प्रवाशांसाठी

पहाटे कुंभारीहून निघत असाल तर वसाहतीच्या टोकाच्या थांब्यावर चढा, मधल्या थांब्यावर पहिली बस भरलेली मिळते. साध्या एसटीत चढण्याआधी ती कुंभारीला थांबते का ते वाहकाला विचारा, गुरुवारी तर विचाराच. महिलांना आणि ज्येष्ठांना जाताना एसटी, येताना जे मिळेल ते, हे सध्या सर्वांत स्वस्त पडतं. शांती चौकात उतरण्यापेक्षा एक थांबा आधी किंवा नंतर उतरून चालणं सुरक्षित आहे. आणि रात्री पाळी सुटल्यावर एकट्यानं रिक्षेची वाट बघण्यापेक्षा त्याच कारखान्यातल्या चार जणांनी वेळ ठरवून एकत्र निघावं. रात्री दहानंतरच्या फेरीची मागणी करायची असेल तर त्याच चार-चार जणांच्या गटांच्या सह्या, पाळी सुटायची वेळ आणि उतरायचा थांबा लिहून, अर्जाला जोडाव्यात. नुसत्या ‘बस द्या’ अर्जापेक्षा ‘रात्री दहा वाजून दहा मिनिटांनी एमआयडीसीच्या थांब्यावरून गोदूताईसाठी ३२ माणसं’ असा अर्ज वेळापत्रक बनवणाऱ्याच्या टेबलावर थेट उपयोगी पडतो.